उपग्रहाची रेषा आणि अवजाराचे माप

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रॅक्टरला उपग्रहाच्या साह्याने वाट दाखविणाऱ्या यंत्रणेत अवजारांची मापे कशी भरावीत, हा आजचा विषय वरकरणी एखाद्या अभियंत्याने मांडावा असा वाटेल. मी कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातील अधिकारी आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला, कारण त्याचा जवळून विचार केला असता असे दिसून येते की यात यंत्रशास्त्र थोडे आणि मोजपट्टी फार आहे. मोजपट्टी धरण्याचे काम गावातील कोणाही समजूतदार माणसाला करता येते. ते नीट झाले नाही, तर आकाशातील उपग्रह कितीही अचूक असले तरी त्यांचा उपयोग होत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली 'जीपीएस' ही उपग्रहव्यवस्था १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठीच्या संदेशात बुद्ध्या ठेवलेली अशुद्धता २ मे २००० रोजी दूर करण्यात आली. त्यानंतर अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या मोठ्या शेतांच्या देशांत ही विद्या ट्रॅक्टरवर झपाट्याने आली. आपल्या देशाने स्वतःच्या उपग्रहमालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. ही मालिका पुढे 'नाविक' या नावाने ओळखली जाऊ लागली. उपग्रहाकडून येणारा संदेश तसाच वापरला तर जागा काही मीटरांनी चुकू शकते. परंतु जमिनीवरील एखाद्या स्थिर केंद्राकडून त्याची दुरुस्ती सतत मिळत राहिली, तर ही चूक दोन-तीन सेंटिमीटरांवर येते. 'आर.टी.के.' म्हणतात ती हीच पद्धत. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशात अशी अखंड चालणारी केंद्रे उभारली आहेत, आणि उपग्रहाच्या मार्गदर्शनाने सोयाबीनची पेरणी केल्याच्या वार्ता विदर्भातूनही आल्या आहेत.

या दोन-तीन सेंटिमीटरांमुळे एक गैरसमज मात्र पसरतो. यंत्रणा इतकी अचूक आहे म्हणजे पेरणीही तितकीच अचूक होणार, असे लोक धरून चालतात. वस्तुस्थिती अशी की उपग्रहाला अवजार दिसत नाही. ट्रॅक्टरच्या छपरावर बसविलेली ॲन्टेना कोठे आहे, एवढेच यंत्रणेला कळते. त्या ॲन्टेनापासून फण किती मागे आहे, अवजार डावीकडे सरकले आहे की उजवीकडे, एका फेरीत ते किती पट्टा व्यापते, हे सर्व आपण सांगू तेच ती खरे मानते. खोटे सांगितले तर ते खोटेही ती दोन सेंटिमीटरांच्या अचूकतेने शेतभर उमटविते! जुन्या तिफणकऱ्याची नजर मागच्या काकरीवर असे आणि अंतर कमी-जास्त वाटले की तो लगेच बैल दाबून घेई. पडद्यावरील रेषेकडे पाहत चालणाऱ्या माणसाला मागे वळून पाहण्याची सवय राहत नाही. म्हणून मापाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

आता प्रत्यक्ष मापांकडे वळू. त्यांतील पहिले आणि सर्वांत अधिक चुकणारे माप म्हणजे अवजाराची काम करण्याची रुंदी. उदाहरणादाखल पाच फणांचे ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्र घ्या. सोयाबीनसाठी दोन ओळींतील अंतर ४५ सेंटिमीटर ठेवले आहे. आता रुंदी किती भरावी? येथे तीन उत्तरे मिळतात. एक जण पहिल्या फणापासून शेवटच्या फणापर्यंत पट्टी धरतो आणि १८० सेंटिमीटर सांगतो. दुसरा लोखंडी चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजतो. ती समजा २४० भरली. तिसरा पाच ओळींना ४५ ने गुणतो आणि २२५ सांगतो. पेरणीसाठी खरे उत्तर हे तिसरेच आहे.

शिक्षक मंडळींना हे चटकन उमगेल. पाच खांब असले तर त्यांच्यामधील अंतरे चारच होतात, हे उदाहरण आपण मुलांना घालतोच. परंतु पेरणीत पाचवे अंतर शेजारच्या फेरीशी जुळणीचे असते आणि ते धरले नाही तर घोटाळा होतो. १८० भरले तर ट्रॅक्टर पुढच्या फेरीला १८० सेंटिमीटरच सरकेल. म्हणजे नव्या फेरीची पहिली ओळ जुन्या फेरीच्या शेवटच्या ओळीवरच येऊन बसेल आणि प्रत्येक जुळणीवरची ओळ दुबार पेरली जाईल. २४० भरले तर जुळणीचे अंतर ४५ ऐवजी ६० होईल आणि प्रत्येक फेरीला पंधरा सेंटिमीटरांची रिकामी पट्टी सुटेल. म्हणून व्याख्या अशी ध्यानात ठेवावी की, रुंदी म्हणजे या फेरीतील एका फणापासून पुढच्या फेरीतील त्याच फणापर्यंतचे अंतर. बीबीएफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुंद वरंबा-सरी यंत्रालाही हीच व्याख्या लागू पडते. तेथे सरीच्या मध्यापासून पुढच्या फेरीतील तशाच सरीच्या मध्यापर्यंत मोजले म्हणजे झाले. फवारणी यंत्रात तोंडांची संख्या आणि त्यांमधील अंतर यांचा गुणाकार घ्यावा. रोटाव्हेटरचे प्रकरण मात्र निराळे आहे. तेथे ओळी नसतात, आणि न फिरवलेली पट्टी राहू नये म्हणून पात्यांच्या प्रत्यक्ष कापाच्या रुंदीतून थोडे वजा करून आकडा भरणे इष्ट असते.

एककाविषयी येथेच दोन शब्द सांगतो. दशमान मापांचा कायदा १९५६ सालचा आहे. तथापि आपल्या लोहारशाळेत आजही फण 'दीड फुटावर' बसविले जातात. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर नव्हे, ४५.७२. फरक क्षुल्लक दिसतो. परंतु पाच ओळींचा गुणाकार केला की २२५ आणि २२८.६ असा साडेतीन सेंटिमीटरांहून अधिक फरक पडतो. फूट-इंचांत बनविलेले अवजार सेंटिमीटरांच्या पट्टीनेच मोजावे. 'दीड फूट' या शब्दावर विसंबू नये. परदेशातील काही अवजारे आपली मापे यंत्रणेला स्वतःच कळवितात, त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही ठरलेले आहे. आपल्या गावच्या कारखान्यात जोडलेले पेरणी यंत्र मात्र मुके असते. त्याच्या वतीने आपणच बोलायचे आहे.

दुसरे माप बाजूच्या सरकणीचे. ट्रॅक्टरच्या मध्यरेषेवर अवजाराचा मध्य बरोबर येतो असे आपण गृहीत धरतो, पण लिफ्टच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या सारख्या ताणलेल्या नसल्या की तो चार-पाच सेंटिमीटर एका अंगाला जातो. समजा, तो ५ सेंटिमीटर उजवीकडे आहे आणि पडद्यावर शून्य भरलेले आहे. उत्तरेकडे जाताना पेरणी ५ सेंटिमीटर पूर्वेला सरकली. परत येताना ट्रॅक्टरचे तोंड दक्षिणेला, त्यामुळे त्याची उजवी बाजू पश्चिमेला आली आणि पेरणी ५ सेंटिमीटर पश्चिमेला सरकली. परिणामी एका जुळणीवर अंतर ४५ ऐवजी ३५ भरते आणि त्यापुढच्या जुळणीवर ५५. पुढे पुन्हा ३५, पुन्हा ५५.

ही खूण मला फार उपयोगी वाटते, कारण शेतात उगवलेल्या ओळींवरूनच दोष कोणत्या मापात आहे ते कळते. सर्व जुळण्या सारख्याच रुंद किंवा सारख्याच अरुंद असतील तर रुंदीचा आकडा चुकला. एक आड एक रुंद-अरुंद असतील तर बाजूची सरकण चुकली. किती चुकली, तेही सांगता येते. ५५ मधून ३५ वजा केले, २० उरले. त्याचा चौथा भाग ५ हीच सरकण होय. मात्र फेऱ्या ओळीने शेजारी-शेजारी, जाऊन-येऊन घेतलेल्या असल्या तरच हा हिशेब लागू होतो. सर्व फेऱ्या एकाच दिशेने घेतल्या तर हा दोष झाकला जातो, आणि पुढे कोळपणीच्या वेळी दुसऱ्या दिशेने शिरताच तो बाहेर येतो.

पेरणीआधी तपासणी करावयाची असेल तर उगवणीची वाट पाहण्याचे कारण नाही. एका सपाट जागी 'अ' आणि 'ब' असे दोन बिंदू देऊन यंत्रणेत सरळ रेषा आखून घ्यावी. त्या रेषेवरून अवजार जमिनीत टेकवून तीस-चाळीस मीटर जावे आणि मधल्या फणाच्या काकरीवर खुंटी ठोकावी. ट्रॅक्टर वळवून त्याच रेषेवरून उलट दिशेने यावे आणि पहिल्या खुंटीच्या समोरच मधल्या फणाची नवी काकरी पाहावी. दोन्ही काकऱ्या एकावर एक पडल्या तर माप शुद्ध. त्यांत दहा सेंटिमीटर अंतर पडले तर त्याचे निम्मे, म्हणजे पाच, ही सरकण. ती डावी की उजवी, हे ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून, तोंड ट्रॅक्टरच्या तोंडाच्या दिशेने ठेवून ठरवावे. समोरून पाहणारा डावे-उजवे नेमके उलटे सांगतो आणि मग चूक जाण्याऐवजी दुप्पट होते.

माप केव्हा घ्यावे, यालाही महत्त्व आहे. वाड्यात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे, अवजार वर उचललेले असताना घेतलेले माप ग्राह्य मानू नये. अवजार जमिनीत सोडून चार-सहा मीटर ओढल्यावर ते आपल्या स्वाभाविक जागी येते, तेव्हा पट्टी लावावी. साखळ्या सैल असतील आणि अवजार झोपाळ्यासारखे हलत असेल, तर प्रथम त्या आवळाव्यात. हलणाऱ्या वस्तूचे माप घेऊन पडद्यावर नोंदविण्यात काही अर्थ नाही. दोन्ही मागील टायरांतील हवाही सारखी असावी.

तिसरे माप ॲन्टेनाच्या उंचीचे. याची पुष्कळदा उपेक्षा होते, कारण उंचीचा आणि डाव्या-उजव्या सरकण्याचा संबंध सहजी लक्षात येत नाही. ॲन्टेना जमिनीपासून अडीच मीटर उंच आहे आणि ट्रॅक्टर एक अंश कलला, तर ॲन्टेना सुमारे साडेचार सेंटिमीटर बाजूला जाते, चाके मात्र जागेवरच असतात. मागील दोन चाकांत दीड मीटर अंतर धरले आणि एक चाक पाच सेंटिमीटर खोल सरीत उतरले, तर छपरावरील ॲन्टेना आठ सेंटिमीटरांच्या आसपास हलते. चांगल्या यंत्रणेत हा कल ओळखून दुरुस्ती करण्याची सोय असते. परंतु दुरुस्ती किती करावी हे ती आपण भरलेल्या उंचीवरूनच ठरविते. आपल्याकडील पुष्कळ ट्रॅक्टरांना बंद केबिन नसते. छत्रीच्या चौकटीवर ॲन्टेना बांधली जाते आणि धक्क्यांनी ती सैल होते. सपाट काळ्या रानात हे खपून जाईल. उताराच्या रानात खपणार नाही.

चौथे माप मागचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागील आसापासून फणांच्या ओळीपर्यंतचे. लिफ्टवर घट्ट बसविलेल्या अवजाराच्या बाबतीत सरळ फेरीत या मापाने फारसे बिघडत नाही. ते बिघडविते वळणावर आणि धुऱ्याजवळ. यंत्रणा धुऱ्याशी पेरणी किंवा फवारणी आपोआप बंद-चालू करीत असेल आणि माप एक मीटरने चुकले असेल, तर धुऱ्यापाशी एक मीटर पट्टी कोरडी राहील किंवा एक मीटर दुबार होईल. चाकांवर ओढल्या जाणाऱ्या अवजाराला आणखी एक अंतर लागते, ते जोडणीच्या खिळीपासून त्याच्या चाकांच्या आसापर्यंतचे. असे अवजार वळणावर आतल्या अंगाने चालते. उतारावर तर ते खालच्या अंगाला घसरते, आणि या घसरणीवर कोणत्याही मापाचा इलाज नाही. त्यासाठी अवजारावर वेगळी ॲन्टेना बसवावी लागते. पलटी नांगराचे गणित स्वतंत्र आहे. तेथे प्रत्येक वळणावर काम करणारी बाजू पालटते, त्याचा विचार आज करीत नाही.

एवढी सूक्ष्म चर्चा पंचायत सदस्यांपुढे का करावी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्या शेताच्या आकारात आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या जमिनीच्या धन्याने स्वतःचा ट्रॅक्टर आणि त्यावर ही महाग यंत्रणा घ्यावी, हे संभवत नाही. ती यायची तर भाड्यानेच येणार. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानाखाली अवजारे बँकांना साहाय्य देण्यात आले, आणि शेतकरी गट, उत्पादक कंपन्या यांच्याकडे अवजारे एकत्र आली. तेव्हा एकच ट्रॅक्टर सकाळी एकाच्या सोयाबीनला पाच फणी यंत्र लावून जाणार, दुपारी दुसऱ्याच्या रानात रोटाव्हेटर लावून आणि उद्या तिसऱ्याच्या घरचे चार फणी यंत्र जोडून. अवजार बदलले आणि पडद्यावरील नोंद कालचीच राहिली, तर तोटा ट्रॅक्टरवाल्याचा होत नाही. तो भाडे घेऊन निघून जातो. तोटा ज्याचे रान आहे त्याचा होतो, आणि तोही आठ दिवसांनी, उगवण झाल्यावर कळतो. मृगाची वाफ एकदा गेली की ती परत मिळत नाही.

हिशेबच मांडायचा तर शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद असे एक हेक्टर रान घ्या. २२५ सेंटिमीटर रुंदीने चव्वेचाळीस-पंचेचाळीस फेऱ्या पुरतात. प्रत्येक फेरी दहा सेंटिमीटर मागच्या फेरीवर चढली तर दोन फेऱ्या वाढतात, आणि बियाणे, खत व डिझेल साडेचार टक्क्यांहून अधिक लागते. हे नुकसान पैशात मोजता येते. याहून मोठे नुकसान आंतरमशागतीचे आहे. डवऱ्याची पास ३० सेंटिमीटरांची धरली, तर ४५ सेंटिमीटरांच्या ओळींत दोन्ही अंगांना साडेसात सेंटिमीटर मोकळे राहतात. तीच पास ३५ च्या जुळणीत शिरली की अडीचच सेंटिमीटर उरतात. बैलांचे एक पाऊल वाकडे पडले की ओळ उखडली! मग शेतकरी त्या ओळी सोडून देतो, तेथे तण माजते किंवा मजुरांकडून निंदणी करावी लागते. चांगल्या उत्पन्नाचे स्वप्न दाखविणारी यंत्रणा अशा रीतीने बदनाम होते, आणि पुढच्या वर्षी तिला कोणी बांधावर उभे करीत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. अवजारे बँकेने प्रत्येक अवजाराच्या चौकटीवर रंगाने क्रमांक टाकावा. पडद्यावरील यादीतही तोच क्रमांक द्यावा. नुसते 'पेरणी यंत्र' असे नाव देऊ नये, कारण गावात दोन पाच फणी यंत्रे असली तरी त्यांची मापे एक नसतात. एका जाड वहीत प्रत्येक क्रमांकासमोर रुंदी, बाजूची सरकण, मागचे अंतर, माप घेतल्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही असावी. फण हलविले, साखळी बदलली किंवा ॲन्टेना काढून पुन्हा लावली, तर जुनी नोंद रद्द समजून नवे माप घ्यावे. रानात गेल्यावर पहिल्या तीन फेऱ्या झाल्या की ट्रॅक्टर थांबवून मालकासमक्ष दोन जुळण्यांवर पट्टी धरावी. यास दहा मिनिटेही लागत नाहीत. शिक्षकांनी सातवी-आठवीच्या मुलांना ही जुळणी मोजावयास नेले तर गणिताचा एक तास शिवारातच होईल. मुले वहीतील खाडाखोड मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट पंचायत सदस्यांना स्वतंत्रपणे सांगावीशी वाटते. ही यंत्रणा शेताच्या कडा पडद्यावर रेखाटते आणि क्षेत्रही दाखविते. त्या आकड्याच्या आधारे बांधाचे वाद सुरू होण्याचा संभव आहे. 'उपग्रह सांगतो माझे दोन गुंठे तुझ्याकडे आहेत', असे कोणी म्हणू लागला तर त्यास स्पष्ट सांगावे की हद्दीची मोजणी भूमी अभिलेख विभागाची, ट्रॅक्टरच्या पडद्याची नव्हे. त्या कडा ट्रॅक्टर जेथून फिरला त्या वाटेच्या आहेत, आणि त्यांतही अवजाराची भरलेली रुंदी मिसळलेली आहे. रुंदी चुकली की क्षेत्रही चुकते. शिवाय दुरुस्ती पाठविणारे केंद्र फिरते असेल आणि या वर्षी ते गेल्या वर्षीच्या नेमक्या जागी उभे केले नसेल, तर जुन्या सर्व रेषा तितक्याच सरकतात. असे केंद्र वापरणाऱ्या गटाने त्याच्यासाठी पक्का दगड रोवून त्यावर खूण करावी आणि दरवर्षी तेथेच ते उभे करावे.

राहता राहिला भाड्याच्या पावतीचा प्रश्न. सध्याच्या पावतीवर सामान्यतः तास, एकर आणि रक्कम एवढेच असते. त्यावर अवजाराचा क्रमांक, भरलेली रुंदी आणि रानात मोजलेल्या दोन जुळण्यांचे आकडे, अशा तीन रकान्यांची भर घालावी व खाली चालक आणि शेतकरी या दोघांच्या सह्या घ्याव्यात. उगवण झाल्यावर ओळी चुकलेल्या आढळल्या तर भाडे परत द्यावयाचे की बियाण्याची भरपाई करावयाची, हे गटाने पेरणीपूर्वीच्या सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. पावतीचा नमुना तयार करण्याच्या कामी कृषी सहायकांनी मदत करावी, अशी त्यांना विनंती आहे.